टॉर्पेडोचा शेवटचा जोड आणि आमचे सूर्यवंशी साहेब

सर्वांत आधी उशिराबद्दल माफी मागतो. हा लेख मृग लागायच्या आधी द्यायचा होता आणि आता पोळा होऊन गेला. संपादकांनी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजला, डोळ्यांचं आणि गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि परत लावून दिलं. डोळे आणि गुडघे खरोखरच दुखतात, पण लेख त्यामुळं अडला नव्हता.

आदरणीय निवृत्तीराव सूर्यवंशी साहेबांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्याबद्दल शिकल्या-सवरल्या लोकांनी लिहावं, आणि या ग्रंथात तसं लिहिलंही असेल. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही निजामाच्या राज्यात, उर्दूत. तरी मला लिहायला सांगितलं, कारण समुद्रकाठच्या त्या सरकारी कार्यशाळेत साहेबांच्या हाताखाली काम केलेला आमच्या भागातला मी एकटाच उरलो आहे. आणि दुसरं असं की साहेब आणि मी एकाच गावचे. औराद तालुक्यात चिंताकीच्या पलीकडं आमचं लहान गाव आहे. लेख अडला तो या दुसऱ्या कारणानं.

हा ग्रंथ साहेबांच्या हाती वाढदिवसाला बीदरमध्ये पडेल. गावातला सत्कार त्यानंतर, सुगी झाल्यावर आहे. त्यासाठी मारुतीच्या पारावर बैठक झाली. मंडप, हार, शाल, वाजंत्री, सगळं पटापट ठरलं. मग कोणीतरी विचारलं, "जेवणाचं कसं?" आणि जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. सत्कार कमिटीचे अध्यक्ष बसवंत अप्पा पाटील घसा साफ करून म्हणाले, "साहेब मोठे अधिकारी व्हते. गावात त्यांची गैरसोय व्हईल. औरादच्या सरकारी बंगल्यावर सांगून ठिवू. जेवून, आराम करून येतील." सगळ्यांना बरं वाटलं. साहेबांचं कुटुंब छप्पन साली बौद्ध झालं. त्याच्या आधी आणि त्याच्या नंतरही, वेशीच्या आतल्या एकाही घरात त्यांच्यासाठी पान मांडलेलं नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. अप्पांनाही ते कुठंतरी टोचलं असावं. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "का हो वैजनाथराव, तुमी तर जन्मभर संगट व्हताव. तुमच्या घरी करताव का?"

मी म्हणालो, "आमच्या घरी जागा न्हाई, अप्पा."

आमच्या घराची ओसरी एवढी आहे की गल्लीतल्या लग्नांच्या पंगती तिथं बसतात. अप्पा स्वतः तिथं कितीदा जेवले आहेत. माझ्या बोलण्यावर कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. तेव्हापासून कागद पुढं घेतला की 'आदरणीय' एवढा एक शब्द लिहून व्हायचा आणि मी उठायचो.

पण गौरवलेखात आधी गौरव करायला पाहिजे. तो जमेल तसा करतो.

एका गावचे असून साहेबांची आणि माझी ओळख बीदरला झाली. गावात मी त्यांना लहानपणापासून बघत होतो. ते शाळेला जायचे, पुढं बीदरला, मग हैदराबादला गेले, शास्त्राची पदवी घेतली, हे सगळं कानावर यायचं. पण बोलणं कधी नव्हतं. मी त्यांच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. म्हैसूर राज्य झालं त्यानंतरच्या काही वर्षांत मी बीदरच्या एका दुकानात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करत होतो. साहेब नुकतेच नोकरीला लागले होते आणि सुट्टीवर आले होते. कोणाची तरी मोटार घेऊन ते दुकानात आले. मी मोटार जोडली, बंद केली, पुन्हा उघडली, रबराची कडी बघितली, बंद केली आणि परत उघडायला लागलो. मालक ओरडला, "अरे, पोटातलं पोर बघायलास का काय?"

"भ्या वाटतंय मालक," मी म्हणालो. "पाणी शिरलं तर?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आजपर्यंत तुमच्या हातच्या किती मोटारीत पाणी शिरलं?"

"एकाबी न्हाई."

"मग भ्या कामून वाटतंय?"

"तेच कळंना, साहेब. लहानपणापासून हायच."

"आमच्याकडं असं भिणारं माणूस मिळंना गेलंय," साहेब म्हणाले. "सगळे शूरच भरती व्हायलेत."

मला वाटलं चेष्टा करायलेत. पण सुट्टी संपवून गेल्यावर त्यांनी भरतीची खबर पाठवली आणि कोणती कागदपत्रं न्यायची तेही सांगून धाडलं. माझ्या आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. समुद्र माणसाला गिळतो असं तिनं ऐकलं होतं. मलाही तसंच वाटत होतं, पण गेलो.

तिथं काय काम चालतं ते बाहेर सांगायला आम्हाला बंदी होती. आताही लिहिताना मन धास्तावतं. वर्तमानपत्रात छापून आलं तेवढंच लिहितो, आणि त्यातही काही जास्त झालं असेल तर संपादकांनी खोडावं. काम टॉर्पेडोचं होतं, ज्याला पुस्तकात पाणतीर म्हणतात. त्यातही हलका टॉर्पेडो, पाणबुडीवर सोडायचा. जड टॉर्पेडो वेगळा, तो मोठ्या नळीतून सुटतो आणि लांब जातो. हलका म्हणजे बैलगाडीत मावेल एवढा लांब आणि मोठ्या घागरीएवढा जाड. तो हेलिकॉप्टरला टांगता येतो, लहान जहाजावरूनही सोडता येतो. वरून टाकला की मागं छत्री उघडते. पाण्यात पडला की छत्री सुटून जाते. समुद्राचं खारं पाणी आतल्या बॅटरीत शिरलं की बॅटरी जागी होते, आणि मग तो गोल गोल फिरत खाली जातो. नाकातून आवाज सोडतो आणि तो आवाज कशावर आपटून परत येतोय का ते ऐकतो. ऐकू आलं की त्या बाजूला धावतो.

नवीन माणूस आला की साहेब त्याला टॉर्पेडोपाशी उभं करून सांगायचे, "याच्या एका कप्प्यात पाणी गेलंच पाहिजे आणि बाकीच्या कप्प्यांत थेंब जाता कामा नये. दोन्ही आपल्याच हातात हाय." बॅटरीच्या कप्प्यात पाणी गेलं नाही तर तो लोखंडाच्या ठोकळ्यासारखा तळाला जातो. बाकीच्या कप्प्यांत गेलं तरी तळालाच जातो. म्हणून रबराच्या कड्या, त्यांचं ग्रीस, त्यांच्या खाचा, हे आमचं सगळं आयुष्य. खाचेत एक केस राहिला तरी पाणी वाट काढतं.

सरावाच्या टॉर्पेडोत दारू नसायची. त्याचं डोकं नारिंगी रंगाचं, आत नोंदी घेणारी यंत्रं. पळून झाला की तो आपलं वजन टाकून वर यायचा आणि एक नाव जाऊन त्याला उचलून आणायची. इथं साहेबांनी एक रीत पाडली होती, ती कुठल्या नियमात नव्हती. ज्यानं कप्प्यांमधला शेवटचा जोड बंद केला, त्यानं त्या नावेवर समुद्रात जायचं. आणि त्याच्यासोबत साहेब स्वतः जायचे. वरच्या अधिकाऱ्यांनी एकदा विचारलं, फिटरचं नावेवर काय काम? साहेब म्हणाले, "त्यानं बंद केलंय, त्यालाच उघडू द्या. मधी काय काय झालं ते त्यालाबी दिसू द्या."

शेवटचा जोड त्यांनी मला दिला. माझ्या भिण्याची सगळे थट्टा करायचे, मी एक कडी चारदा बघतो म्हणून. साहेबांनी त्याच भिण्याला कामाला लावलं. ज्वारीच्या रानातला माणूस मी, मांजरा नदीपलीकडं पाणी बघितलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एका कठड्याला मी ओकायलोय आणि दुसऱ्या कठड्याला साहेब. नावाडी तेलुगू होता. तो हसून म्हणाला, "तुमच्या बीदरला समुद्र नसतो का?"

साहेब तोंड पुसत म्हणाले, "व्हता की. आमच्या बापजाद्यांनी पिऊन टाकला."

साहेब हैदराबादला शिकलेले असल्यानं त्यांना तेलुगू घरच्यासारखी यायची, आणि त्याचा उपयोग पुढं कसा झाला ते सांगितलंच पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. तेव्हा टॉर्पेडो परदेशातून यायचे आणि एक हरवला तर मोठा जाब द्यावा लागायचा. एका सरावात टॉर्पेडो पडला, पळाला आणि वर आलाच नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधला. मी कठड्याला धरून एकच म्हणत होतो, माझाच जोड सुटला. साहेब म्हणाले, "सापडंपर्यंत कोणाचाच सुटलेला न्हाई. गप बस."

काही दिवसांनी खबर आली की किनाऱ्यानं बरंच लांब एका कोळी वस्तीत नारिंगी डोक्याचं काहीतरी आहे. पहाऱ्याचे अधिकारी पोलीस घेऊन निघाले होते. साहेबांनी त्यांना थांबवलं आणि मला घेऊन पुढं गेले. बघतो तर आमचा टॉर्पेडो देवीच्या चौथऱ्याला टेकून उभा, हळद-कुंकू लावलेला, गळ्यात झेंडूचा हार. वस्तीची म्होरकी पोलम्मा नावाची बाई होती. ती म्हणाली, "यानं आमचं जाळं फाडलं. पण आला आपल्या पायानं, म्हणून ठेवून घेतला. हे आहे तरी काय?"

साहेबांना सांगता येत नव्हतं. ते म्हणाले, "पाण्यात ऐकणारं यंत्र आहे, अम्मा."

"मग आमच्या आईचं ऐकूनच आलं," पोलम्मा म्हणाली आणि सगळी वस्ती हसली.

"आईचं ऐकून आलं, आता माझं ऐकून परत येऊ दे," साहेब म्हणाले.

"आधी जाळं."

साहेबांनी पोलिसांना परत पाठवलं, दोरा मागवला आणि आम्ही दिवसभर वाळूत बसून कोळ्यांच्या हाताखाली जाळं विणलं. साहेबांच्या गाठी बघून पोरीसोरी हसत होत्या. एका म्हातारीनं त्यांची गाठ सोडून पुन्हा बांधायला लावली, आणि पदवीधर माणूस मुकाट्यानं पुन्हा बांधत होता. दुपारी कोळ्यांनी पानावर भात आणि माशाचं कालवण वाढलं. साहेब सगळ्यांच्या आधी बसले. मी म्हणालो, माझा उपवास आहे. मटण खाणारा माणूस मी, त्या दिवशी कसलाच उपवास नव्हता. पोलम्मानं काहीतरी विचारलं, तेवढं मात्र साहेबांनी मला मराठीत सांगितलं नाही. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "वैजनाथ, उपवास सोड बाबा कधीतरी. वाळून जाशील." आणि हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

कार्यशाळेत आणल्यावर हळद धुवून शेवटचा जोड मीच उघडला. साहेब शेजारी उभे होते. आत बोट फिरवून त्यांनी माझ्यापुढं धरलं. बोट कोरडं होतं. इतके दिवस खाऱ्या पाण्यात आणि वर उन्हात राहून आत थेंब नव्हता. तो वर आला होता, फक्त आम्ही शोधत होतो तिथून फार लांब. त्या दिवसापासून सरावाच्या आदल्या दिवशी साहेब पोलम्माकडं निरोप धाडायचे, म्हणजे जाळी त्या बाजूला टाकायची नाहीत आणि नारिंगी काही दिसलं तर कळवायचं. मला ठाऊक आहे तोवर पुढं त्या किनाऱ्याला आमचा एकही टॉर्पेडो हरवला नाही.

साहेबांचा स्वभाव त्या एका दिवसात सगळा दिसतो, म्हणून एवढं लांबवलं. माझं लिहिणं असंच भरकटतं. मराठी लिहायलाही मला साहेबांनीच शिकवलं. कार्यशाळेत येईपर्यंत मी घरी दुसऱ्याकडून पत्रं लिहून घ्यायचो. साहेबांना ते कळलं तेव्हा दुपारच्या सुट्टीत खडू घेऊन लाकडी खोक्यावर त्यांनी मला अक्षरं गिरवायला लावली. खोक्यावर इंग्रजीत 'काळजीपूर्वक हाताळा' लिहिलेलं होतं, त्याच्या शेजारी माझी बाराखडी. नकाशांवरचे आकडे, मापं, सगळं तिथंच शिकलो. आज या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील तर त्या माझ्या, साहेबांच्या शिकवण्यातल्या नाहीत.

पुढं मी कुटुंब तिकडं नेलं. आमची खोली साहेबांच्या घराला लागून होती. साहेबांच्या पत्नी कौसल्याबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणतो. आमच्या घरातल्यांचं पहिलं बाळंतपण तिकडंच झालं. माझी आई आजारी, सासू येऊ शकली नाही. अक्कांनी महिनाभर शेक-शेगडी केली, बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून घातले, पोरीला न्हाऊ घातलं. अक्कांच्या हातचं खाऊन आमची पोर वाढली. तिथं कोणी काही विचारत नव्हतं, आणि आम्हालाही त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं. कारखान्याच्या जेवणघरात तर मी आणि साहेब रोज शेजारी बसायचो.

पण गावाला येताना हैदराबादला गाडी बदलावी लागायची. तिथपर्यंत दोन्ही घरं एकमेकांच्या शिदोरीतलं खायची. गाडी बदलली की आमच्या घरातल्या आमची शिदोरी बांधून पिशवीत ठेवायच्या. अक्का स्वतःच पोरांना सांगायच्या, "आता गाव जवळ आलंय, इकडं या, आपल्यातलं खावा." त्यांच्या आवाजात काही नसायचं, ना राग ना दुःख. नळाला पाणी आलं म्हणून सांगावं तसं सांगायच्या. आमची पोर एकदा त्यांच्या मांडीवरून उतरेचना, तेव्हा अक्कांनीच तिला उचलून आमच्या बाकावर आणून ठेवली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

गावात साहेबांना सगळे पंपाच्या कारखान्यातले मिस्त्री समजायचे. काम गुप्त असल्यानं साहेबांनीही ते तसंच राहू दिलं. ते सुट्टीवर आले की लोक त्यांना विहिरीवर बोलवायचे. जळालेल्या मोटारी, गळके पंप, सगळं साहेबांनी बघावं. ज्या माणसानं पाण्याखाली ऐकणारं यंत्र जुळवलं, तो आमच्या विहिरीच्या कडेला चिखलात बसून पंप खोलायचा. काम झालं की त्यांना ओंजळीत वरून पाणी घालायचे. चहा द्यायचाच झाला तर गोठ्यातल्या कोनाड्यातला कप. साहेब चहा पिऊन तो कप स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. एकदा बसवंत अप्पांचेच वडील म्हणाले, "निवृत्ती, लई शिकलास म्हणं, मग अजून पंपच कामून दुरुस्त करायलास?" साहेब म्हणाले, "पंप बिघडायचे थांबेनात, काका." आता निवृत्त झाल्यावर ते बीदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत एका पंपाच्या लहान कारखान्यात सल्ला द्यायला जातात, तेव्हा गावाचं म्हणणं शेवटी खरं झालं असं तेच हसून सांगतात.

पुढं काही वर्षांनी आपल्याच देशात हलका टॉर्पेडो बनवायचं काम सुरू झालं, आणि ते साहेबांच्या आयुष्याचं खरं काम. परदेशी टॉर्पेडोचे कागद मिळायचे नाहीत, मोडलेला भाग मागवला तर वर्ष जायचं. आपला करायचा म्हटल्यावर हसणारे आमच्यातच पुष्कळ होते. किती नमुने तळाला गेले, किती वेळा बॅटरी जागी झाली नाही, एकदा तर टॉर्पेडोनं आमच्याच नावेकडं तोंड फिरवलं, हे मी जास्त लिहीत नाही. एवढं सांगतो की प्रत्येक वेळी साहेब नावेवर होते. बुडला त्या दिवशी ते कोणावर ओरडले नाहीत, आणि वर आला त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. हेलिकॉप्टरमधून आपला टॉर्पेडो पहिल्यांदा नीट पडला, छत्री सुटली, पळाला आणि नारिंगी डोकं लाटेतून वर आलं, तेव्हा सगळे नाचायला लागले. साहेब गोड्या पाण्याची नळी घेऊन उभे होते. "नाचून झालं की धुवा रे," ते म्हणाले. "मीठ थांबत न्हाई."

शेवटी हे शस्त्र आहे, माणसं मारायचं. साहेब बौद्ध, रोज पंचशील म्हणणारे. बीदरच्या विहारात एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी दारात त्यांची सायकल धरून उभा होतो, म्हणून ऐकलं. ते गृहस्थ म्हणाले, "निवृत्ती, शील घेतलंस आन असली कामं करायलास?"

साहेब म्हणाले, "रोज सकाळी म्हणतो, बाबा. रोज घशात अडकतंय. पण खालून कोण येतंय ते ऐकू आलं न्हाई तर वरच्या जहाजावरची पोरं बुडतात. चालवायची पाळी येऊ नये, एवढंच मागतो."

"कोणाला मागतोस? देव तर सोडलास."

"दिल्लीला," साहेब म्हणाले.

सगळा विहार हसला. साहेबही हसले, पण परत येताना ते सायकलवर बसले नाहीत, घरापर्यंत चालत आले. मला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नाही. त्यांनाही पूर्ण सापडलं असं मला वाटत नाही, आणि ते सापडल्याचं त्यांनी कधी दाखवलं नाही, याचाच मला आदर वाटतो.

साहेब निवृत्त झाले तेव्हा वर्तमानपत्रात त्यांचं नाव आलं. ते वाचून गावाला कळलं की पंपाचा मिस्त्री कोण होता. मग कमिटी झाली, आणि ती बैठक झाली, जी मी वर सांगितली.

तीन-साडेतीन महिने मी असाच कागद घेऊन बसायचो आणि उठायचो. मागच्या आठवड्यात आमच्या घरातल्या दळण निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "कामून लिहीना गेलाव? साहेबांवर चार अक्षरं निघनात का?"

मी त्यांना पारावर काय बोललो ते सांगितलं. तोपर्यंत सांगितलं नव्हतं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "जागा न्हाई म्हणलाव? या घरात?"

"भावाचं भ्या वाटलं. भावकीचं वाटलं."

"माझं बाळंतपण अक्कांनी केलं तवा भावकी कुठं व्हती?" त्या म्हणाल्या. "त्यांनी घातलेलं खाऊन मी उठून बसले. लिहा. आन खाली लिहा, जेवण आमच्या घरी हाय. तुमाला भ्या वाटत असंल तर माझ्या नावानं लिहा."

धाकट्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मग आमी त्या दिवशी शेतावर ऱ्हातो." मला वाटलं होतं तेच झालं. रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी उठून बसवंत अप्पांकडं गेलो.

अप्पा म्हणाले, "जागा निघाली व्हय?"

"निघाली."

"भावाला विचारलाव?"

"सांगितलं. तो शेतावर ऱ्हातो म्हणला."

अप्पांनी पानाला चुना लावला, पान खाल्लं, पिंक टाकली. म्हणाले, "बघा बाबा, तुमचं तुमी. पण बंगल्याचं सांगितलेलं मी मोडत न्हाई. साहेब काय म्हणतेत ते कळू द्या. ते बंगला म्हणले तर बंगला."

म्हणून साहेब, इथून पुढं तुम्हालाच लिहितो. गौरवलेखात असं लिहायची पद्धत नसेल. संपादकांना हात जोडून विनंती करतो की बाकीचं हवं तेवढं कापा, हे कापू नका. कमिटीतल्या सगळ्यांनी आणि आमच्या भावकीनंही हे वाचावं असं मला वाटतं, नाहीतर मी पुन्हा काहीतरी कारण काढीन. मला माझा भरवसा नाही.

साहेब, तुम्ही आणि अक्का सत्काराच्या दिवशी आमच्या घरी जेवायला या. पुढच्या दारानं या. ओसरीवर पंगत मांडू, तुमच्या शेजारी मी बसेन आणि अक्कांच्या शेजारी आमच्या घरातल्या. आणखी कोण बसेल ते मला आज सांगता येत नाही. कदाचित कोणी बसणार नाही, आणि मग एवढ्या मोठ्या ओसरीवर आपण चौघंच दिसू. तेही तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. स्वयंपाक साधा असेल, भाकरी, वरण, तुम्हाला आवडतं ते अंबाड्याच्या भाजीचं पातळ, आणि अक्कांना गोड चालत असेल तर पुरणपोळी. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. एवढ्या वर्षांनी बोलावणं आलं तर ते घ्यावंच असं तुमच्यावर काही बंधन नाही.

तुम्हाला आणि अक्कांना दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे आणि डोळे माझ्यासारखे त्रास न देवोत. कोळारच्या त्या कारखान्यातल्या पोरांना तुमचा हात अजून खूप वर्षं मिळो, आणि तुम्ही बनवलेल्या त्या वस्तूला आवाज ऐकून धावायची पाळी कधी न येवो. एवढंच माझ्या अर्ध्या शिक्षणातून मागता येतं.

निरोप तेवढा लवकर धाडा. पत्र लिहायला सवड नसेल तर बीदरहून आमच्याकडं येणाऱ्या बसच्या कंडक्टरला तोंडी सांगा, तो घरी येऊन सांगतो. 'येतो' किंवा 'येत नाही', दोन्हीपैकी एक शब्द पुरे. निरोप येईपर्यंत अप्पा बंगला सोडत नाहीत, आणि आमच्या घरातल्यांनी तर आजपासूनच ओसरी सारवायला घेतली आहे.

आपला,
वैजनाथ बिरादार